चाकाखालचा गोटा

हिवाळ्यात आंबागडाच्या पायथ्याशी गाडी लावायला जागा मिळत नसे, असं सांगितलं की आताची पोरं हसतात. त्यांना वाटतं म्हातारा फेकून राहिला. फेकत नाही. उन्हाळ्यात त्या पायथ्याशी अख्खी वरात उतरवा, एवढी मोकळी जमीन असते, पण उन्हाळ्यात आमच्या भंडारा जिल्ह्यात गड चढायला येतो कोण? पावसाळ्यात दगडांवर शेवाळ आणि गवतात साप. साहेब लोक यायचे ते हिवाळ्यात, रविवारी, स्वेटर-मफलर घालून, डबे बांधून. आणि नेमकं त्याच दिवसांत तिथली सपाट जमीन कोणाच्या ना कोणाच्या खळ्यानं अडलेली असायची. धान कापून आणलेलं, पेंढ्यांचे माणसाहून उंच ढीग रचलेले. त्या ढिगाला आमच्याकडे पुंजणं म्हणतात. पुंजणं रचलं, समोरची जागा शेणानं सारवली, की तिथं चप्पल घालून घरचा माणूससुद्धा पाय टाकत नाही. जीपची चाकं कोण येऊ देणार?

मी ड्रायव्हर होतो, भंडाऱ्याच्या एका सरकारी ऑफिसात. खात्याचं नाव सांगत नाही, खातं अजून चालू आहे. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. तीन वर्षं मी हंगामी म्हणून गाडी चालवत होतो. हंगामी म्हणजे साहेबाच्या मनात आलं तर उद्यापासून येऊ नको. वडील वारलेले, घरी आंधळगावला आई आणि दोन लहान बहिणी. मला कायम करायचा कागद वरून आला होता आणि साहेबांच्या टेबलाच्या खणात पडला होता. त्यावर साहेबांनी एक सही करायची, बस. सही का होत नव्हती ते मला माहीत नाही. विचारायची हिंमत नव्हती. मी आपला गाडी रोज दोनदा पुसत होतो आणि साहेबांच्या बायकोची भाजीची पिशवी न सांगता उचलत होतो.

आता गाडीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापायी झालं. खात्याची जीप जुनी, रंगानं बरी आणि आतून पोखरलेली. उन्हाळ्यात सेल्फवर सुरू व्हायची. थंडी पडली की तिची बॅटरी मान टाकायची. मग धक्का. ऑफिसात तिचं नावच धक्का-गाडी पडलं होतं. साहेबांच्या बायकोला आणि पाहुण्यांना धक्का मारायला कसं सांगणार? म्हणून हिवाळ्यात मी कुठंही गेलो की आधी उतार शोधायचो. तोंड उताराकडे करून गाडी उभी करायची, पुढच्या चाकाखाली ठोकळा लावायचा. निघताना ठोकळा काढला, की ती आपल्या वजनानं घरंगळते, वेग आला की क्लच सोडायचा, की सुरू. हँडब्रेक होता, पण तो शोभेचा. गिअरमध्ये ठेवावी तर थंडीत गिअर अडकून बसायचा, दोन हातांनी निघत नव्हता. म्हणून न्यूट्रल. म्हणजे एवढी मोठी जीप एका ठोकळ्यावर उभी. हे मला माहीत होतं, ऑफिसच्या चौकीदाराला माहीत होतं, साहेबांना माहीत नव्हतं.

त्या रविवारी साहेब, त्यांची बायको आणि पुण्याहून आलेले मेव्हणे, असे तिघं गड पाहायला निघाले. सकाळी एवढं दव होतं की काचेवरून पाणी ओघळत होतं. मोहाडी, आंधळगाव करत आम्ही नऊच्या सुमाराला पायथ्याशी पोचलो. पाहतो तर माझी नेहमीची जागा गेलेली. तिथं कोणी नवीन खळं घातलं होतं. दुसऱ्या सपाट तुकड्यावर तुमसरहून आलेली कोणाची तरी मोटार आणि तीन स्कूटरी. तिसरीकडे धानाच्या बैलगाड्या रिकाम्या होत होत्या. मी दोन चकरा मारल्या. मागं मेव्हणे म्हणाले, "पार्किंग इथंही मिळत नाही वाटतं." साहेब हसले नाहीत. मला म्हणाले, "लाव रे कुठंतरी. ऊन चढेल."

उरली एकच जागा, मोहाच्या झाडाजवळची. गडाची पायवाट तिथूनच सुरू होते. तिथून बैलगाडीचा रस्ता सरळ खाली उतरतो आणि साठ-सत्तर पावलांवर एका खळ्यात संपतो. उतार फस्कलास. माझ्या गाडीला तसाच पाहिजे होता. फक्त खाली खळं नसतं तर. मी म्हटलं, ठोकळा आहे ना.

गाडी लावली, तिघं उतरले, मी पायानं ब्रेक दाबून सीटखाली हात घातला. ठोकळा नव्हता. मागं पाहिलं, नव्हता. मग आठवलं, पहाटे ऑफिसात चौकीदार शेकोटी करून बसला होता आणि मीच त्याच्याशेजारी हात शेकले होते. चांगला सागाचा ठोकळा. मेल्यानं जाळला होता आणि मी त्याच्यावर हात शेकले होते. मला असा राग आला की तिथल्या तिथं भंडाऱ्याला जाऊन त्याची मानगूट धरावी.

साहेबांना म्हटलं, एक मिनिट ब्रेकवर पाय ठेवता का, दगड लावतो. त्यांनी ठेवला, पण चेहरा असा की जणू मी त्यांना गाडी धुवायला सांगितली. मी खाली उतरून इकडेतिकडे पाहिलं. जमीन झाडून काढल्यासारखी होती. खळ्यांसाठी लोकांनी आसपासचे गोटे वेचून नेले होते. आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात. गोटे होते ते एकाच ठिकाणी, मोहाच्या बुंध्याशी, एका ढिगात.

तो ढीग काय आहे हे मला माहीत होतं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढं वाचताना तुम्ही मला अजाण समजाल. आमच्या भागात जंगलवाटेवर वाघानं माणूस मारला, की त्या जागी येणारा-जाणारा एक गोटा ठेवतो. ढीग वाढत जातो. त्यातला गोटा कोणी काढत नाही. चुलीला नाही, बांधाला नाही, कशालाच नाही. आणि हा ढीग ज्याचा होता तो माणूस माझ्या ओळखीचा होता. आंबागड हे माझ्या आईचं माहेर. आईच्या माहेरचा प्रत्येक माणूस आपला मामा आणि प्रत्येक बाई आपली मामी. हा मामा बांबू तोडायला पहाटे निघाला आणि या झाडाखाली वाघानं धरला. मी तेव्हा वीस वर्षांचा होतो, आईबरोबर आलो होतो, आणि मीही त्या ढिगावर एक गोटा ठेवला होता. लहानपणी याच मामानं मला खांद्यावर बसवून गड दाखवला होता.

"झालं का रे?" साहेब म्हणाले.

मी ढिगाच्या कडेचा सगळ्यात मोठा, चपटा, पांढऱ्या शिरेचा गोटा ओढून काढला. मनात म्हटलं, मामा, दोन तासांत परत ठेवतो. आणि चाकाखाली लावला. हाताला काही झालं नाही, आभाळ कोसळलं नाही. साहेबांनी पाय काढला, गाडी हलली नाही, आणि तिघं पायवाटेनं चढू लागले.

मी डबा घेऊन विहिरीवर गेलो, रेडिएटरला पाणी आणायला. विहीर जवळच होती. तिथं दोन माणसं भेटली, आईची खुशाली विचारली, एकानं तंबाखू दिला. अर्धा तास गेला असेल. परत येताना लांबून पाहिलं, जीपच्या पुढं एक बाई वाकलेली होती.

आधी मला काही कळलंच नाही. वाटलं, काही पडलं असेल, वेचत असेल. मग दिसलं की तिनं दोन्ही हातांनी गोटा धरला आहे आणि ती तो डावीकडे-उजवीकडे हलवून सोडवते आहे, जसा चिखलात रुतलेला खुंटा सोडवावा तसा. मी ओरडलो. "ओ बाई, हात नोको लावू." तिनं मान वर करून पाहिलं, मला पाहिलं, आणि पुन्हा खाली वाकली. गोटा निघाला. तिनं तो पोटाशी धरला आणि बाजूला सरकली.

जीप हलली नाही. मला वाटलं, सुटलो. मग तिचं पुढचं चाक एवढंसं फिरलं. काही आवाज नाही. इंजिन बंद असलेली गाडी चालू लागते तेव्हा आवाजच नसतो, आणि ते मी आयुष्यात पहिल्यांदा बाहेर उभं राहून पाहिलं. माझ्या हातातला डबा कधी पडला माहीत नाही. मी धावलो. दाराची कडी हाताला लागली, सुटली. पुन्हा लागली, पुन्हा सुटली. मग मी नुसता तिच्या मागं धावत होतो.

खाली खळ्यात धान चुरणं चालू होतं. पसरलेल्या पेंढ्यांवर चार बैल गोल फिरत होते, एक माणूस त्यांच्या मागं, एक बाई सुपानं धान वारवत होती. मी ओरडत होतो, पण काय ओरडत होतो ते मलाच आठवत नाही. बैलांनी आधी पाहिलं. ते फिरायचे थांबले आणि दावं ताणून एका बाजूला झाले. मग त्या माणसानं पाहिलं. त्यानं बाईला हातानं ढकललं. जीप सारवलेल्या खळ्यावरून त्यांच्यामधून गेली आणि थेट पुंजण्यात घुसली. धप्प असा आवाज झाला, एवढाच. वरच्या पेंढ्या सरकल्या आणि पुढच्या काचेपर्यंत गाडी धानात गेली.

मी गुडघ्यावर बसलो. मला खरोखर हसू येत होतं. कोणी मेलं नव्हतं. बैल उभे, माणूस उभा, बाई उभी. गाडीचं काही मोडलेलं दिसत नव्हतं. मग पाहिलं तर ती बाई सूप टाकून पुंजण्याच्या पलीकडे पळत होती. ओरडली नाही. नुसती पळत होती, आणि तो माणूसही तिच्यामागं पळाला. पुंजण्याच्या आडोशाला, वारा लागू नये म्हणून, तिनं आपलं तान्हं लेकरू तनशीवर निजवलं होतं. तनस म्हणजे धानाचा पेंढा. आता त्या जागेवर पेंढ्याच पेंढ्या पडल्या होत्या.

दोघं पेंढ्या उपसून फेकत होते. मी गेलो आणि मीही फेकू लागलो.  आजवर मला कधी तेवढी भीती वाटली नाही, वडील गेले तेव्हाही नाही. किती वेळ ते चाललं, मला सांगता येणार नाही. मग पेंढ्यांच्या आतून रडणं ऐकू आलं. लेकराच्या अंगावर एक पेंढी आडवी पडली होती आणि तिच्यावर बाकीच्या, त्यामुळं आत पोकळी राहिली होती. त्याच्या डोक्याच्या केसांत तनस होती, बाकी काही नाही. आईनं त्याला उचललं आणि ती तिथंच बसून राहिली.

मागं वळून पाहिलं तर ती गोटेवाली बाई उतारावरून खाली आली होती. गोटा अजून पोटाशीच. पांढरं झालेलं तोंड. आता जवळून पाहिलं आणि मी ओळखलं. ही त्या मामाची बायको. माझी मामी. ज्याचा ढीग, त्याची बाई. लेकरू तिच्या दिराचं होतं, खळंही त्याचंच. ती एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माह्या हातानं गेलं असतं. लेकरू माह्या हातानं गेलं असतं."

मी तिच्यावर ओरडलो. शरम वाटते, पण ओरडलो. "काहून काढला तू गोटा? दिसत नाई का तुले, एवढी मोठी गाडी हाय?"

ती म्हणाली, "हा माह्या माणसाचा गोटा हाय, बाप्पा. पयला गोटा. मीच ठेवला होता नाल्यातून आणून. मी रोज पायते. आज दिसला नाई, तं पाऊन राहिली होती कोठी गेला. गाडीखाली सापडला."

गाडीखाली सापडला. एवढंच म्हणाली. कोणी ठेवला, असं तिनं विचारलंसुद्धा नाही. गाडीचं काय होईल हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तिच्या लेखी बैलगाडी बैलाशिवाय हलत नाही, तर जीप ड्रायव्हरशिवाय कशी हलेल?

तोवर साहेब धावत खाली आले होते. ते फार चढले नव्हते, वरून त्यांनी सगळं पाहिलं होतं. धापा टाकत होते. त्यांनी जीप पाहिली, लेकरू पाहिलं, मग मला म्हणाले, "गाडीला दगड लावला नव्हता का तू?"

त्या एका प्रश्नात माझा खणातला कागद होता. हे मला तेव्हाच कळलं होतं. ठोकळा नाही, हँडब्रेक नाही, गाडी न्यूट्रलला, खाली खळं. यातलं एक जरी बोललो असतो तर उद्यापासून घरी. बहिणी डोळ्यासमोर आल्या. मी म्हटलं, "लावला होता साहेब. तुमच्यासमोर लावला. ह्या बाईनं काढला."

यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणूनच ते एवढं नीच होतं.

साहेब तिच्याकडे वळले. "काय हो बाई, गाडीखालचा दगड काढायचा असतो का? लेकरू मेलं असतं म्हणजे?"

 खळ्यात आता आठ-दहा माणसं जमली होती. त्यांच्यातली एक म्हातारी मला न्याहाळून पाहत होती. मी मफलर डोक्याला गुंडाळलेला, अंगात खाकी, म्हणून विहिरीवरच्या दोघांशिवाय इतका वेळ कोणी ओळखलं नव्हतं. ती मामीला म्हणाली, "अवं, हा तं आपला भासा हाय. आंधळगाववालीचा पोरगा."

आता हे बाहेरच्यांना समजावून सांगावं लागतं. आमच्याकडे भासा म्हणजे बहिणीचा मुलगा, आणि तो देवाच्या जागी. आईच्या माहेरचे लोक भाच्याच्या पाया पडतात, तो शेंबडा असला तरी. भाच्यानं त्यांच्या पाया पडायचं नसतं, त्यांना पाप लागतं. भाच्याचं नुकसान आपल्या हातून व्हावं, यासारखं वाईट काही नाही.

मामीनं गोटा खाली ठेवला. डोक्यावरून पदर घेतला. आणि सगळ्यांसमोर वाकून तिनं माझ्या बुटांवर डोकं टेकलं. "चुकलं भासा," म्हणाली. "मले मालूम नोयतं तुही गाडी हाय म्हणून."

मी दगड झालो. पाय मागं घ्यायलाही सुचलं नाही. तिच्या पाठीवरून मला तो गोटा दिसत होता, पांढऱ्या शिरेचा. आणि तो गोटा तिथं उभ्या असलेल्या सगळ्यांना दिसत होता. तो कुठला आहे, ढिगातून कोणी काढला असणार, गाडी कोणाची, हे त्या गावच्या लोकांना सांगायची गरज नव्हती. सगळ्यांनी एकदा गोट्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे पाहिलं. कोणी तोंड उघडलं नाही. भाच्याला साहेबासमोर कोण खोटं पाडेल? तिथं एकट्या साहेबांनाच काही कळलं नव्हतं.

ते म्हणाले, "कबूल करते आहे ना. जाऊ दे. अडाणी लोक आहेत." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

मग लोकांनी पेंढ्या बाजूला केल्या, जीप मागं ओढली आणि रस्त्याला लावली. बॅटरी मेलेलीच होती. धक्का मारायला सगळे आले, ज्याचं लेकरू दबलं होतं तो माणूसही, आणि मामीही. ती डाव्या बाजूला होती, आरशात दिसत होती. गाडी सुरू झाली. मी थांबलो नाही. त्यांचं पुंजणं विस्कटलेलं, सारवलेलं खळं चाकांनी उकरलेलं, तसंच टाकून मी साहेबांना घेऊन निघालो.

पंधरा दिवसांत सही झाली. कागद हातात आला तेव्हा साहेब म्हणाले, "त्या दिवशी तू डोकं शांत ठेवलंस." मी हो म्हटलं.

आईला मी काही सांगितलं नव्हतं, पण माहेरची बातमी आईपासून लपते का? संक्रांतीला ती माहेरी जाऊन आली. आल्यावर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ताट वाढताना म्हणाली, "ती बाई तुह्या पाया पडली आन तू पडू देलं. आता तुले तं तिच्या पाया पडता येत नाई. तुले तोंडानंच सांगा लागन." मी म्हटलं, सांगीन. आणि वर्षभर गेलो नाही. मनातून नेहमी वाटायचं, जावं. मग वाटायचं, पुढच्या हप्त्यात.

पुढच्या हिवाळ्यात साहेबांचे दुसरे पाहुणे आले आणि पुन्हा आंबागड निघाला. मी साहेबांना गड सोडून दुसरं काहीही दाखवायला तयार होतो. तलाव दाखवतो म्हटलं, देऊळ दाखवतो म्हटलं. ते म्हणाले, गडच. या वेळी ठोकळा मी स्वतः सीटला तारेनं बांधून ठेवला होता. पायथ्याशी पोचलो, तर तसंच. स्कूटरी, बैलगाड्या, खळी. आणि मोहाच्या झाडाजवळची जागा रिकामी. पण वर्षापूर्वीसारखी नव्हती. खाली जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी आडवा मातीचा बांध घातलेला होता, कंबरेएवढा, वरून चोपलेला. त्याच्या बऱ्याच अलीकडे, गाडीचं चाक येईल बरोबर तिथं, एक मोठा काळा गोटा ठेवलेला होता. ढिगापासून वेगळा.

मी चाक त्या गोट्याला टेकवून गाडी लावली, साहेब आणि पाहुणे वर गेले. मी गाडीतच बसून राहिलो. मामी खळ्यातून वर आली. वर्षात बरीच वाळली होती. मी उतरलो. ती पुन्हा वाकायला लागली तसा मी मागं सरकलो, गाडीला टेकेपर्यंत.

"आला का भासा," ती म्हणाली. "हा गोटा तुह्या गाडीचा. तीन गोटे पायले, मंग हा आणला. तो तुह्या मामाचा हाय, त्याले हात नोको लावू."

मला रडू आलं. मी म्हटलं, "मामी, लेकरू तुह्या हातानं जात नोयतं. माह्या हातानं जात होतं. मले मालूम होतं तो कोणाचा गोटा हाय. मी सायबाले सांगितलं नाई."

"मले ठाव हाय," ती म्हणाली. "तवाच ठाव होतं. तुही नौकरी होती." मग म्हणाली, "पण मले वरीसभर झोप नाई आली, भासा. लेकराले घ्याले गेली का हात कापते माहा. तू आला असता तं बरं झालं असतं."

तिनं रागानं म्हटलं असतं तर मी सोसलं असतं. ती रागावली नव्हती. नुसतं सांगत होती. मी तिचा हात धरला, पाया पडता येत नव्हतं म्हणून. हात खरंच कापत होता. मग ती म्हणाली, जा, मामाले गोटा ठेव, मागल्या खेपेलाही ठेवला नाही. मी नाल्यापर्यंत गेलो, एक गोटा आणला आणि ढिगावर ठेवला.

दुपारी साहेब उतरले. पाहुण्यांना ते जागा दाखवत होते, मागच्या साली इथं आमची गाडी कशी पळाली, एका अडाणी बाईनं कसा दगड काढला. मग मातीचा बांध आणि काळा गोटा पाहून मला म्हणाले, "वा, बंदोबस्त केलेला दिसतो. कोणी केला?"

"माझ्या मामीनं, साहेब."

"तुझी मामी इथं असते?"

"हो. मागच्या साली माझ्या पाया पडली ती. ती माझी मामी. आणि दगड तिनं उगाच नव्हता काढला, साहेब. तो तिच्या नवऱ्याचा होता, वाघानं मारला त्याचा. आधी मीच तो त्या ढिगातून काढला होता."

साहेबांनी त्या ढिगाकडे पाहिलं, मग खाली खळ्याकडे, तिथं मामी दिराच्या लेकराला कडेवर घेऊन उभी होती. मग माझ्याकडे न पाहता त्यांनी ब्रेकवर पाय ठेवला. मी चाकाखालचा गोटा काढून वाटेच्या कडेला ठेवला, सीटवर बसलो, गाडी उतारावर सोडली, बांधाच्या अलीकडे वळवली आणि सुरू केली.